थरथरत्या हवेवरचा उतारा

मे महिन्याच्या दुपारी परभणी-जिंतूर रस्त्यावर दूरची एसटी थरथरताना दिसते. दोष गाडीचा नसतो, तापलेल्या हवेचा असतो. हवेचे कमीजास्त तापलेले थर प्रकाशाला कमीजास्त वाकवतात. रात्री तारे लुकलुकतात तेही याच कारणाने. त्यामुळे दुर्बीण कितीही मोठी केली तरी प्रकाश तेवढा जास्त गोळा होतो; चित्राचा रेखीवपणा वीतभर आरशाच्या दुर्बिणीपुढे फारसा जात नाही. गिरवलीला आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेची २ मीटरची दुर्बीण २००६ पासून आहे. हिशेबाने तिला एका अंशाच्या सुमारे ५७ हजाराव्या भागाएवढा तपशील दिसायला हवा; हवा तिला ३६०० व्या भागाच्या आसपासच अडवते.

यावरचा उतारा अमेरिकेच्या होरेस बॅबकॉक यांनी १९५३ साली सुचवला: हवेने प्रकाशाच्या लाटेचा पुढचा पृष्ठभाग, म्हणजे वेव्हफ्रंट, जेवढा बिघडवला, तेवढाच उलटा बाक आरशाला द्यायचा. कल्पना बिनतोड होती, पण ती अमलात आणण्याइतके चपळ संगणक तेव्हा नव्हते. पुढे अमेरिकी लष्कराने हे तंत्र गुपचूप वाढवलं आणि १९९१ मध्ये त्यातलं बरंच खुलं केलं. आज त्याला अडॅप्टिव्ह ऑप्टिक्स म्हणतात. आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या कक्षा त्यामुळेच काटेकोर मोजता आल्या. तिथे सुमारे ४० लाख सूर्यांएवढं वस्तुमान दडलं आहे हे त्यातून पक्कं झालं, आणि राइनहार्ड गेंझेल व आंद्रेया गेझ यांना २०२० चं नोबेल मिळालं.

मला मात्र मोठ्या दुर्बिणींपेक्षा रोबो-एओ (एओ म्हणजे अडॅप्टिव्ह ऑप्टिक्स) हे उपकरण जास्त मोलाचं वाटतं. आयुकाने अमेरिकेतल्या कॅलटेकच्या जोडीने ते बांधलं आणि तिथल्या पालोमार वेधशाळेच्या अवघ्या दीड मीटरच्या दुर्बिणीला बसवलं. एक अतिनील लेझर आकाशात सोडायचा. सुमारे १० किलोमीटर उंचीवरच्या हवेतून त्याचा जो प्रकाश परत येतो, तोच कृत्रिम तारा. बारीक भिंगांच्या जाळीतून त्याचे ठिपके पडतात. कोणता ठिपका किती सरकला हे पाहून संगणक नखाएवढ्या आरशाला सेकंदाला हजारावर वेळा आकार बदलायला लावतो. हा लेझर डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे वैमानिकांचे डोळे दिपण्याची भीती नाही आणि विमानांवर नजर ठेवायला माणूस बसवावा लागत नाही. सगळं काम यंत्र आपणच उरकतं, एका रात्रीत दोनशेच्या घरात तारे!

या वेगाचा उपयोग केपलर दुर्बिणीने सुचवलेल्या ग्रहांसाठी झाला. ताऱ्याला चिकटून दुसरा तारा असेल, तर त्याचा प्रकाश मिसळल्याने ग्रहाचा आकार खऱ्यापेक्षा लहान भासतो. पहिल्या ७१५ ताऱ्यांच्या तपासणीत असे ५३ जोडीदार सापडले. मोठ्या दुर्बिणीवर एवढ्या रात्री कोण देणार? गिरवलीसाठीही असंच उपकरण बांधायचं काम आयुकाने हाती घेतलं.

हेच तंत्र वेगळ्या रूपात परभणीच्या परिसरातही येत आहे. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात असलेल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या यंत्राच्या ४ किलोमीटरच्या भुजा निर्वात असतात, म्हणजे हवेचा प्रश्न नाही. पण प्रखर लेझरने ४० किलोंचा आरसा मधोमध किंचित तापतो आणि फुगतो. तो फुगवटा मोजायला ठिपक्यांचीच पद्धत, आणि घालवायला आरशाच्या कडेभोवती हीटरचं कडं.

औंढ्याचं यंत्र सुरू झालं की लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली ते आजच्यापेक्षा कितीतरी नेमकं कळेल, आणि दुर्बिणींना वेळेवर तिकडे वळता येईल.