‘अप टू ५०%’ म्हणजे नेमकं किती?

सेलच्या दिवसांत पुण्याच्या लक्ष्मी रोडवर दुकानांच्या पाट्या बघा. ‘५०%’ हा आकडा पलीकडच्या फुटपाथवरूनही दिसतो. त्याच्या डोक्यावरचं ‘अप टू’ वाचायला दुकानाची पायरी चढावी लागते.

पाटी वाचून वाटतं, बहुतेक मालावर निम्म्याच्या आसपास सूट असणार. पण ‘अप टू’मध्ये सांगितलेली असते ती फक्त वरची मर्यादा. खालची कुणी सांगितलेलीच नसते. १,२०० चा शर्ट १०% सूट देऊन १,०८० ला दिला, तरी पाटी शब्दशः खोटी नसते. कोपऱ्यातल्या रॅकवर उरल्यासुरल्या साइझचा थोडा माल निम्म्या किमतीत असला की झालं. ‘फ्लॅट ५०%’ असेल तर गोष्ट वेगळी.

यात आपलंच गिऱ्हाईक भोळं आहे असं नाही. नव्या खिडक्या बसवल्याने ऊर्जेच्या खर्चात ४७% पर्यंत बचत होईल, अशा जाहिरातीची पाहणी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. ‘पर्यंत’ असो वा नसो, वाचणाऱ्यांच्या समजुतीत फारसा फरक पडला नव्हता.

दुकानदारांचाही एक लाडका गैरसमज आहे: चांदणी काढून खाली ‘अटी लागू’ लिहिलं की सुटलो. जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, स्वस्ताईचं आमिष दाखवायचं तर त्या किमतीचा पुरेसा माल हवा. तो मर्यादित असेल तर तसं सांगायला हवं. खुलासाही दाव्याच्याच भाषेत हवा. मराठी पाटीखाली इंग्रजी अटी त्यात बसत नाहीत. दिशाभूल केल्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. (हेही ‘पर्यंत’च, बरं का!) तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

सेलचं बिलही तपासा: सूट वजा करून वर जीएसटी लावला तर मुकाट्याने देऊ नका. एमआरपीत सगळे कर आलेले असतात.

सेलमध्ये फार तर शे-दोनशे जातात. बँकेत हाच ‘पर्यंत’ महागात पडतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा आहे, पण तो मुद्दल आणि व्याज धरून, आणि खात्यामागे नव्हे तर एका ठेवीदाराला एका बँकेमागे. एकाच नावावर, एकाच बँकेच्या दोन शाखांत चार-चार लाख ठेवले, तरी संरक्षण पाचच लाखांना.