बुलढाण्याच्या दऱ्या आणि इरईचे ओरखडे

बुलढाण्याचा घाट उतरताना दिसणाऱ्या दऱ्या बर्फाने कोरलेल्या नाहीत. इथला खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याला कापलं ते पावसाच्या पाण्यानं. अजिंठा डोंगररांगेच्या उत्तर उताराचं पाणी पूर्णेतून तापीला जातं. पैनगंगा मात्र पूर्वेकडे वाहत जाते आणि, गंमत म्हणजे, बर्फाच्याच खुणांपाशी पोचते. चंद्रपूरजवळ इरई गावाशी चुनखडकावर समांतर ओरखडे आहेत. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत गोंडवना महाखंडात, दक्षिण ध्रुवाच्या बऱ्याच जवळ होता. हिमनदीच्या तळाशी रुतलेल्या दगडांनी सरकताना खडक असा खरवडला. बर्फ वितळला तेव्हा वर गोटे आणि गाळ साचला. तो तालचीर थर. भूवैज्ञानिक फेडन यांनी १८७५ मध्ये या खुणांवर लिहिलं.