असदगड नेमका कुणी बांधला?

अकोल्याच्या या किल्ल्यावर, म्हणजे असदगडावर, लेख कोरलेले आहेत, पण ते एकमेकांशी जुळत नाहीत. दहीहांडा वेशीवरचा लेख हिजरी १११४ साल देतो आणि औरंगजेब बादशहा, असदखान वजीर अशी नावं सांगतो. फत्ते बुरुजावर असदखान कायम आहे, बादशहा मात्र बदलून शाह आलम झाला आहे. ईदगाहच्या लेखात हिजरी १११६ आणि बांधणारा ख्वाजा अब्दुल लतीफ. एवढं वाचून मनाशी काही ठरवावं, तर अगरवेशीवरचा मराठी लेख म्हणतो की किल्ला गोविंद आप्पाजींनी १८४३ मध्ये बांधला!

गोविंद आप्पाजींचं कोडं त्यातल्या त्यात सोपं. तेव्हा वऱ्हाड निजामाकडे होतं, आणि पडझड झालेली तटबंदी दुरुस्त करून आपल्या नावाचा दगड बसवणं ही सर्वच राजवटींतली जुनी खोड. खरा घोळ सालाचा आहे. पुस्तकांतून हिजरी १११४ म्हणजे इसवी सन १६९७ असं छापलं गेलं आणि तेच पुढे चालत आलं. हिजरी पंचांग उघडलं तर ते वर्ष मे १७०२ मध्ये सुरू होतं. हा पाच वर्षांचा फरक किरकोळ नाही. १६९७ मध्ये मोगलांचं लक्ष तामिळ मुलखातल्या जिंजीकडे होतं. राजाराम महाराज तिथे होते आणि वेढ्याची सूत्रं याच असदखानाचा मुलगा झुल्फिकारखान याच्या हाती होती. १७०३ मध्ये मात्र आग वऱ्हाडातच लागली. नेमाजी शिंदे सैन्य घेऊन आले, सुभ्याचा नायब रुस्तुमखान याला त्यांनी धरलं आणि नर्मदा ओलांडून माळव्यात घुसले. अशा दिवसांत असदखानाच्या जहागिरीच्या गावाला दगडी तट घालायची घाई होणारच. मला तरी हे जास्त पटतं. शाह आलम १७०७ मध्ये गादीवर आला, म्हणजे फत्ते बुरुजाचं काम त्यानंतरही चालू होतं. ज्याच्या नावानं गड, तो असदखान स्वतः बहुतेक काळ बादशाही छावणीत. इथे राबला अब्दुल लतीफ.

लोकांच्या तोंडी मात्र या दोघांपेक्षा अकोलसिंग जास्त. कान्हेरीहून आलेल्या या राजपुतानं सशाला कुत्र्याचा पाठलाग करताना पाहिलं, जागेत पाणी आहे हे ओळखलं आणि मातीचा तट घातला, अशी कथा. हाच ससा अहमदाबादेत आणि विजयनगरातही भेटतो, तेव्हा त्याच्यावर फार विसंबू नये. गावातल्या राजराजेश्वराच्या देवळाची कथा मात्र इथली वाटते. अकोलसिंगाची बायको मध्यरात्री एकटी देवळात जाई. संशयानं पेटलेला नवरा एकदा तलवार उपसून मागे गेला. तिनं देवाचा धावा केला, पिंड दुभंगली, ती आत शिरली आणि पदराचं टोक तेवढं बाहेर राहिलं. गावाला नाव अकोलसिंगाचं मिळालं, पण कथेत बाजू कुणाची घेतली आहे ते उघड आहे.

१८०३ मध्ये मराठ्यांशी लढणाऱ्या इंग्रजांच्या जनरल वेलस्लीचा तळ अकोल्याला पडला होता. तो पुढे गेला आणि २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई जिंकली, १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. याच वेलस्लीनं पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. पण अकोल्याचा तट तोफांनी पाडलेला नाही. तो १८७० च्या सुमारास इंग्रजी अमलात, लढाईविना उतरवला गेला. त्याआधी तीन वर्षं रेल्वे नागपूरला पोचली होती, आणि तिच्या वाटेवरच्या अकोल्याचा कापूस मुंबईच्या दिशेनं धावू लागला होता. तट राखण्यात कुणाला रस उरला नव्हता. कचेऱ्या आणि साहेबांचे बंगले नदीपलीकडे ताजनापेठेच्या अंगानं वाढले. मूळ गाव अलीकडे राहिलं आणि त्याचं ‘जुने शहर’ झालं. गडाच्या मधल्या भागाला हवाखाना म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे चक्क शाळा भरत होती. वेशींची नावं मात्र पत्त्यांत टिकली. रिक्षावाला आजही अगरवेस विचारल्यावर बरोबर नेतो.

राजराजेश्वराची कावड त्यामानानं अलीकडची. १९४४ च्या अवर्षणात ती सुरू झाली असं मानतात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पोरं गांधीग्रामहून पूर्णेच्या पाण्यानं भरणे, म्हणजे कावडीचे घडे, भरतात आणि सतरा-अठरा किलोमीटर अनवाणी चालत देवळापर्यंत आणतात. आता गंमत अशी की देवळाच्या गावातून वाहणारी मोर्णा पुढे जाऊन त्याच पूर्णेला मिळते. म्हणजे मोर्णेचं पाणी खाली उतरतं आणि पूर्णेचं पाणी खांद्यावरून वर चढतं. मोर्णेचं पाणी देवाला का घालत नाहीत, हे तिच्या पुलावर उभं राहिल्यावर विचारावं लागत नाही. जलकुंभीनं ती इतकी भरली होती की जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर ती उपसायला पात्रात उतरले आणि त्याची दखल पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्येही घेतली गेली.