तंजावरचा मराठी समाज : सांस्कृतिक समायोजनाचे एक स्वरूप

भिन्न संस्कृतींचे समूह एकाच भूप्रदेशात दीर्घकाळ नांदू लागले म्हणजे त्यांच्यात जी परिवर्तने घडतात, त्यांना मानववंशशास्त्रात ‘संस्कृतिसंक्रमण’ अशी संज्ञा आहे. १९३६ साली रेडफील्ड, लिंटन आणि हर्स्कोविट्स या अमेरिकन अभ्यासकांनी तिची जी व्याख्या केली, तीत बदल एका समूहात अथवा दोन्ही समूहांत घडू शकतो हे स्पष्ट केलेले होते. पुढे जॉन बेरी यांनी समूहापुढील चार पर्याय मांडले : स्वत्व सोडून विलीन होणे, स्वत्व राखून अलग राहणे, दोन्ही साधणे, अथवा दोन्हींपासून तुटणे. ही चौकट उपयुक्त असली तरी ती मुख्यतः स्थलांतरितांच्या अनुभवावर बेतलेली आहे. तीत आलेला समूह दुर्बल आणि यजमान समाज प्रबळ असतो. तंजावरच्या मराठी समाजाचा इतिहास या गृहीतकाला छेद देतो. तेथे आलेला समूह राज्यकर्त्यांचा होता. संख्येने मात्र तो अत्यल्प होता.

मदुरेच्या नायकाने १६७३ मध्ये तंजावरचे नायक घराणे संपुष्टात आणले. त्या घराण्याच्या वारसाला गादीवर बसविण्यासाठी विजापूर दरबाराने शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांना पाठविले आणि १६७६ च्या सुमारास त्यांनी स्वतःच तेथे सत्ता स्थापन केली. ही सत्ता १८५५ पर्यंत टिकली. या काळात भोसले राजांनी प्रजेवर मराठी लादली नाही, ही गोष्ट येथे मूलभूत मानावी लागते. नायकांच्या दरबारात तेलुगू ही साहित्याची प्रतिष्ठित भाषा होती. व्यंकोजींचे पुत्र शहाजी (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांनी ती तशीच चालू ठेवली, इतकेच नव्हे तर स्वतः तेलुगूत विपुल रचना केली. तिरुवारूरचा त्यागेश हे त्यांचे आराध्य दैवत होते. त्यांचे ‘पंचभाषाविलास’ हे नाटक संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांत आहे. याच शहाजींचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे आद्य मराठी नाटकांत गणले जाते. मराठी रंगभूमीचा आरंभ १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’पासून सांगण्याची प्रथा असल्याने ही नाटके वाङ्मयेतिहासाच्या तळटीपेत ढकलली गेली, हे न्याय्य म्हणता येणार नाही. ती मराठी खरी, परंतु त्यांचा घाट दक्षिणेकडील यक्षगानाचा आहे.

सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त ही मिश्रणप्रक्रिया सर्वांत स्पष्ट दिसते. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार असून त्यात विरहिणी नायिकेला भविष्य सांगणारी डोंगरी स्त्री आपल्या मुलखाचे वर्णन करते. सरफोजींनी तिच्या मुखी जगाचा भूगोल घातला. ते श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या कल्पनेचा उगम कळतो. घाट तमिळ, भाषा मराठी आणि ज्ञान युरोपीय अशी ही कृती बेरींच्या कोणत्याही एका कप्प्यात सहज बसत नाही. याच राजाने १८०३ मध्ये चोळांच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे दीर्घ चरित्र मराठीत कोरविले. कुळाची स्मृती मराठी, परंतु तिला आधार तमिळ देवालयाचा.

यजमान समाजाने काय स्वीकारले? सांबाराची व्युत्पत्ती संभाजींच्या नावाशी जोडणारी कथा या संदर्भात हटकून सांगितली जाते. ती रुचकर असली तरी तिला समकालीन पुरावा नाही. खरा पुरावा कीर्तनाचा आहे. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकारांचा तंजावरात संचार होता. त्यांचे निरूपण ऐकून घडलेल्या तंजावर कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांनी त्या पद्धतीला कर्नाटक संगीताची जोड दिली आणि तमिळ हरिकथेला नवे रूप प्राप्त झाले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्ते तमिळ कथाकारांनी आपलीशी केली. दक्षिणेच्या भजनपद्धतीत मराठी अभंग आजही गायिले जातात. गाणाऱ्यांपैकी अनेकांना मराठी येत नाही. राजसत्तेने जे साधले नाही ते भक्तीच्या वाटेने आणि कोणाच्याही आज्ञेविना घडले.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजी निपुत्रिक वारल्यानंतर कंपनीने राज्य खालसा केले आणि समायोजनाची दिशा पालटली. दरबार गेला तसा मराठीचा व्यवहारातील आधारही गेला. देशस्थ कुटुंबांनी इंग्रजी शिक्षण आणि प्रशासन यांकडे मोहरा वळविला. कुंभकोणम येथे १८२८ मध्ये जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. १८८० मध्ये सयाजीराव गायकवाडांचा विवाह तंजावरच्या मोहिते घराण्यातील कन्येशी झाला तेव्हा तिच्यासमवेत तंजावरच्या नर्तकीही बडोद्यास आल्या. दाक्षिणात्य नृत्य अशा रीतीने मराठी दरबारी पोहोचले.

घरात मात्र मराठी टिकली. तीत तमिळ शब्द आणि तमिळ वाक्यवळणे मिसळली. तिला शाळा नव्हती, वृत्तपत्र नव्हते. लिहिण्याची वेळ आलीच तर अनेकांना तमिळ लिपी जवळची वाटू लागली. विलीनीकरण आणि स्वत्वरक्षण एकाच कुटुंबात, एक उंबऱ्याबाहेर आणि दुसरे आत, असे शेजारी राहिले. याची किंमत लिपीने मोजली. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांबरोबर मोडी दफ्तरांचाही मोठा संग्रह आहे, परंतु ज्यांच्या पूर्वजांनी ती दफ्तरे लिहिली त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ती वाचता येतात. तंजावरच्याच तमिळ विद्यापीठाने, ज्याची स्थापना १९८१ ची, या कागदपत्रांतील निवडक भागाचे तमिळ अनुवाद प्रसिद्ध केले असून, या मराठी घराण्याचा दैनंदिन कारभार अभ्यासू इच्छिणाऱ्याला आज तमिळ भाषेचाच आधार घ्यावा लागतो.