लिफ्ट किट घेण्याआधी गाडी वजनकाट्यावर चढवा

मे महिना सरत आला की मुंबई-पुण्याच्या फोर बाय फोरवाल्यांत एकच चौकशी सुरू होते: गाडी किती इंच उचलायची? दोन, तीन की चार? माझ्या मते इंच सर्वांत शेवटी विचारायचे असतात. गाडीवर कायमचे वजन किती, ती कुठे चालणार आणि तिच्या चाकांची बांधणी कशी, ही तीन उत्तरे हातात असली की इंच आपोआप ठरतात.

त्यासाठी यांतले बरेच जण जिथे येतात तो कर्जत-खालापूरचा मुलूख आधी नीट पाहू. रविवारी सकाळी निघालेली थार किंवा जिम्नी साठ-सत्तर किलोमीटर महामार्गावर भरधाव येते, चौक किंवा खालापूरला बाहेर पडते, मग कर्जत, कशेळे, खांडस, आंबिवली किंवा कोंडिवड्याच्या डांबरी रस्त्याला लागते. खरा कच्चा रस्ता शेवटचे दोन-चार किलोमीटर. तो मात्र कसोटी पाहणारा असतो. सह्याद्रीच्या पायथ्याचा सुटा काळा दगड, पावसाने खणलेल्या चाकोऱ्या, ओढ्यावरची फरशी वाहून गेल्यावर उरलेला उतार आणि भातशेतीच्या कडेचा चिकट चिखल. पुण्याकडून येणाऱ्याच्या वाटेत तर बोरघाटाची वळणे आणि उतारही असतो. म्हणजे एकाच सस्पेन्शनला महामार्गावर स्थिर राहायचे आहे, घाटात झुकायचे नाही आणि ओढ्यात लवचीक राहायचे आहे. इथल्यासाठी किट निवडताना हा त्रिकोण सतत डोळ्यांसमोर हवा.

लिफ्ट किट नेमके काय उचलते? लांब किंवा अधिक ताठ स्प्रिंग घातली की चेसिस आणि बॉडी वर जाते. ज्या गाडीचा अॅक्सल अखंड नळीचा आहे, तिचा अॅक्सल आणि त्यातला डिफरन्शियलचा गोळा असतो तिथेच राहतो, कारण तो चाकांवर बसलेला आहे. चाकोऱ्यांमधला उंच दगड बहुतेक वेळा आधी त्या गोळ्यालाच लागतो. चार इंचांचे किट घालूनही गोळा जमिनीपासून तेवढ्याच अंतरावर राहतो. तो वर नेण्याचा उपाय एकच, मोठा टायर. त्याचेही गणित पाहून घ्या. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५, व्यास सुमारे ६९३ मिलिमीटर. त्या जागी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास सुमारे ७३३ होतो. वाढ ४० मिलिमीटरची, पण अॅक्सल वर जातो तिच्या निम्मा, म्हणजे २० मिलिमीटर. शिवाय स्पीडोमीटर आधी ८० ला ८० दाखवत असेल, तर आता काटा ८० वर असताना गाडी ८५ च्या जवळपास धावत असते.

मग लिफ्टचा फायदा काय? पोट घासत नाही आणि नाक-शेपूट टेकत नाही. जिम्नीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर २५९० मिलिमीटर आहे. उंचवट्यावरून जाताना पोट न टेकण्याचा कोन कंपनी २४ अंश सांगते. पन्नास मिलिमीटरच्या लिफ्टने त्यात साधारण चार अंशांची भर पडते. बांध ओलांडताना हे चार अंश कामाला येतात. मोठ्या टायरला चाकाच्या कमानीत जागा मिळते, हा दुसरा लाभ. २०२० च्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स मुळातच २२६ मिलिमीटर आणि पाण्यात उतरण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर आहे. या तालुक्यांतल्या ज्या वाटांवर गाडीने जाणे रास्त आहे, त्या बहुतेक वाटांना एवढे पुरते. आणि किटने पाण्याची मर्यादा वाढत नाही, हे ठसवून सांगायला हवे. इंजिन हवा जिथून घेते ती जागा, अॅक्सलचे ब्रीदर आणि वायरिंग तुम्ही हलवलेले नसते. उल्हास किंवा पेज फुगली असेल तर उचललेल्या गाडीनेही काठावरच थांबायचे.

आता बांधणी. जुन्या जीप आणि मारुती जिप्सी पाट्यांवर बसतात. तिथे उंची वाढवायचा स्वस्त मार्ग म्हणजे लांब शॅकल लावणे किंवा पाट्यांच्या गठ्ठ्यात एक पाटा वाढवणे. जादा पाट्याने गाडी उचलली जाते, पण रिकामी असताना दगडासारखी आदळते. लांब शॅकलने मागे प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि पुढे स्टिअरिंग सरळ परतायचे विसरते. काही जण अॅक्सलखाली असलेले पाटे अॅक्सलच्या वर घेतात. त्याने भरपूर उंची मिळते, पण ब्रेक, स्टिअरिंगचे रॉड आणि शाफ्ट सगळेच नव्याने जुळवावे लागतात. हे जाणत्या कारागिराचे काम आहे. जुने पाटे ठोकून पुन्हा कमान दिलेली असेल तर ती थोड्याच दिवसांत बसते. त्यापेक्षा नवा गठ्ठा घेतलेला बरा.

२०१० च्या थार सीआरडीईला पुढे टॉर्शन बार आहे. तिचे बोल्ट आवळले की फुकटात नाक वर येते, म्हणून हा उद्योग फार चालतो. पण त्याने चाकाची खाली लोंबण्याची हालचाल संपते आणि प्रत्येक खड्ड्यात सस्पेन्शन टोकाला जाऊन ठोकर खाते. २०२० नंतरच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे कॉइलवर अखंड अॅक्सल. पुढून उचलताना ड्राइव्ह शाफ्ट तिरके होतात, त्यांच्या टोकाचे सीव्ही जॉइंट कायम वाकलेल्या कोनात फिरतात, रबरी बूट फाटतो आणि आत चिखल गेला की जॉइंट कटकट वाजू लागतो. या गाडीला दोन इंच ही माझ्या लेखी मर्यादा आहे. त्यापुढे जायचे तर वरचे आर्म बदलणे आणि डिफरन्शियल खाली घेणे आलेच. स्प्रिंगवर नुसता स्पेसर ठेवून मिळणारा लिफ्ट ही फसवी बचत आहे. उंची दिसते, लोंबण मात्र घटते.

जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड अॅक्सल आणि कॉइल आहेत, त्यामुळे ती उचलायला सोपी. तरी दोन गोष्टी सोडू नका. उंची वाढली की पॅनहार्ड रॉड अॅक्सलला एका बाजूला ओढतो. तो लांबी बदलता येणारा घ्यावा. आणि कॅस्टर सुधारणारे बुश बसवावेत, नाहीतर महामार्गावर स्टिअरिंग हलके आणि भटके लागते. ब्रेकचे रबरी पाइप पूर्ण लोंबणीत ताणले जात नाहीत ना, हे गाडी जॅकवर घेऊन डोळ्यांनी पाहा.

आता वजन. बाजारातली चांगली किट हलका, मध्यम आणि जड भार अशा स्प्रिंगांत येतात. बहुतेक ग्राहक अभिमानाने जड भाराची उचलतात आणि रिकाम्या गाडीत पाठ मोडून घेतात. यावर उपाय खोपोली-खालापूरच्या औद्योगिक पट्ट्यात सहज सापडतो: ट्रकचा वजनकाटा. नेहमीच्या सामानासह, टाकी भरून, रोजची माणसे बसवून गाडी काट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाके प्लॅटफॉर्मवर घ्या आणि पावती घ्या. मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके. ट्रकचा काटा बारीक फरक दाखवत नाही, पण पुढचा-मागचा भार कळायला तेवढे पुरते. पुढच्या अॅक्सलवर विंच आणि पोलादी बंपरने किती भर पडली, मागे रूफ रॅक, जादा टायर आणि पाण्याच्या डब्यांनी किती, हे कागदावर येते. किट विकणाऱ्यासमोर हे आकडे ठेवा. स्प्रिंग भाराप्रमाणे निवडायची असते, आणि पुढची व मागची वेगळ्या वर्गाची निघाली तर तशीच घ्यायची. महिन्यातून एकदा चार मित्र आणि तंबू येतो म्हणून जड स्प्रिंग लागत नाही. कायम अंगावर असलेले वजनच मोजायचे.

उंची मोजण्याचीही एक रीत आहे. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरच्या हवेने आकडा बदलतो. चाकाच्या मध्यबिंदूपासून कमानीच्या कडेपर्यंत चारही चाकांवर टेप लावा. किट घालण्यापूर्वीची मापे लिहून ठेवा, नंतर पाचशे किलोमीटर चालवून पुन्हा घ्या. नवी स्प्रिंग थोडी बसतेच. एकच कोपरा जास्त बसला असेल तर तक्रार तेव्हाच करायची.

शॉकअपवर मी मुद्दाम थांबतो, कारण पैसे वाचवण्याची कात्री आधी इथेच लागते आणि नेमके इथेच वाचवू नयेत. गाडीचा भार स्प्रिंग पेलते. शॉकअप तिच्या उड्या शमवतो. त्याच्या आत तेलात एक पिस्टन फिरतो. पिस्टनच्या बारीक छिद्रांतून आणि झडपांतून तेल जबरदस्तीने जाते आणि हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. खडबडीत रस्त्यावर हा क्रम सतत चालू राहिला की तेल तापते, पातळ होते, त्यात फेस येतो आणि शॉकअप हात टेकतो. मग गाडी डुलू लागते. दोन नळ्यांच्या साध्या शॉकअपमध्ये आतली नळी बाहेरच्या नळीने झाकलेली, म्हणून उष्णता सावकाश निघते, पण बाहेरच्या नळीला दगडाचा पोचा आला तरी काम चालते. एक नळीच्या, दाबाखाली नायट्रोजन भरलेल्या शॉकअपमधून उष्णता लवकर निघते आणि त्याचा शमवण्याचा जोर टिकून राहतो. मात्र त्याच नळीच्या आत पिस्टन फिरतो, त्यामुळे दगडाचा एक घाव त्याला निकामी करू शकतो. बाहेर वेगळी टाकी असलेले शॉकअप वाळवंटी शर्यतींत तासन्‌तास वेगात धावण्यासाठी बनले. आपल्या इथे कच्च्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दोन-चार किलोमीटर जायचे असते. इथल्या दगडांत जाड पत्र्याचा, गॅस भरलेला दोन नळ्यांचा शॉकअप मला सर्वांत समंजस निवड वाटते.

शॉकअप स्प्रिंगला जुळणाराच घ्यायचा. ताठ स्प्रिंगला मूळचा मऊ शॉकअप ठेवला तर प्रत्येक खड्ड्यानंतर गाडी दोन-तीन वेळा उसळते. उलट मऊ स्प्रिंगवर फार कडक शॉकअप लावला तर पाठोपाठच्या खड्ड्यांत चाक पूर्ण खाली यायला वेळच मिळत नाही आणि गाडी हळूहळू बसत जाते. लांबी तर तपासलीच पाहिजे. मूळचा शॉकअप दोन इंच उचललेल्या गाडीत आधीच ताणलेला राहतो. चाक लोंबले की तोच दोरीसारखा चाकाला अडवतो आणि वरची बैठक तोडतो. फार लांब घेतला तर दाबल्यावर बंप स्टॉपआधी तो स्वतःच तळ गाठतो.

चालू शॉकअप गेला की नाही, हे ओळखायला मशीन लागत नाही. अंगावर तेलाचा पुसट ओलावा चालतो. ओघळ चालत नाही. गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडा. ती वर येऊन थांबली पाहिजे, झुलत राहता कामा नये. ठकठक आवाज आला तर बहुधा वरचा-खालचा रबरी बुश गेलेला असतो आणि तो स्वस्तात बदलतो. चिखलणीच्या दिवसांतला इथला चिखल रॉडवर वाळला की सील कापतो, म्हणून परतल्यावर बॉडी चमकवण्याआधी चाकांच्या आत पाणी मारा.

उंचीची किंमत घाटात मोजावी लागते. गुरुत्वमध्य वर गेला की वळणावर गाडी जास्त कलते आणि अचानक लेन बदलताना तिला सावरायला वेळ लागतो. घरचे लोक त्याच गाडीतून प्रवास करतात. गोव्यात २०१४ पासून होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमधल्या उंच गाड्या पाहून चार-पाच इंचांचा मोह होतो, पण त्या स्पर्धेसाठी सजवलेल्या असतात. त्यांच्यात पोलादी पिंजरा असतो आणि चालक-सहचालक पट्ट्यांनी जखडलेले असतात. रविवारी मुलांना घेऊन येणाऱ्या गाडीचा तो आदर्श नव्हे.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पैसे देण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. गॅरेजवाल्याचे ‘सगळेच करतात’ हे उत्तर अपघातानंतर कामाला येत नाही.

या तालुक्यांत गाडी उचलणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा बचाव पथके डोंगर पायी चढून गेली, कारण वर रस्ताच नव्हता आणि यंत्रे नेता आली नाहीत. इथल्या ठाकूर-कातकरी वाड्यांना जो कच्चा रस्ता आहे, तो आजाऱ्याला दवाखान्यात नेण्याचाही एकमेव मार्ग असतो. भर पावसात दहा-बारा गाड्यांनी त्याच्या चाकोऱ्या फूटभर खोल केल्या तर आपण सोमवारी कामावर जातो, वाडी मात्र अडकते. लावणी झालेल्या खाचराच्या बांधावर चाक घालणे तर अक्षम्यच.

खर्चाचा क्रम मी असा लावेन: आधी चांगले ऑल टेरेन टायर, मग वजनाला जुळणारे शॉकअप, मग गरज उरलीच तर दीड ते दोन इंचांच्या स्प्रिंगा, आणि त्यांच्याबरोबर अलाइनमेंट. पाट्यांच्या गाडीचे यू-बोल्ट पहिल्या काही दिवसांत पुन्हा आवळून घ्या. आणि बसवणाऱ्याच्या दारातून निघण्यापूर्वी हेडलाइटचा झोत खाली करून घ्या. नाक वर गेले की झोतही वर जातो, आणि कर्जत-खोपोली रस्त्यावर रात्री समोरून दुचाकीवर येणाऱ्याचे डोळे त्याने दिपतात. पाच मिनिटांचे काम आहे, तेवढे कराच.