गुडघा का उडतो?

दवाखान्यात डॉक्टर कधीकधी रोग्याला टेबलाच्या कडेला पाय लोंबते सोडून बसवतात आणि गुडघ्याच्या वाटीच्या किंचित खाली लहानशी रबरी हातोडी टक्‌दिशी मारतात. पाय आपोआप पुढे उडतो. रोग्याला हसू येते. डॉक्टर मात्र गंभीर असतात. त्या क्षणार्धात त्यांनी रोग्याच्या मज्जारज्जूला एक प्रश्न विचारलेला असतो आणि त्याचे उत्तरही त्यांना मिळालेले असते. हा प्रश्न कोणता आणि उत्तर येते कसे, एवढेच आज आपल्याला पाहायचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हातोडी लागली, दुखले, म्हणून पाय उडाला असे पुष्कळांना वाटते. तसे नाही बरं का! वाटीच्या खाली जी जाड दोरी हाताला लागते, ती मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूची. तिच्यावर ठोका पडला की ती दबते आणि वरचा स्नायू किंचित, पण एकदम, ताणला जातो. हा ताण हीच खरी बातमी. स्नायूमध्ये सूत कातायच्या चातीसारखी, दोन्ही टोकांना निमुळती अशी सूक्ष्म इंद्रिये विखुरलेली असतात. स्नायू लांबला की या चात्या ताणल्या जातात, त्यांना वेढून बसलेला मज्जातंतू जागा होतो आणि संदेश पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूकडे धावतो. तेथे हा तंतू त्याच स्नायूला हलवणाऱ्या पेशीला थेट भेटतो; मध्ये कोणी मध्यस्थ नाही. हुकूम सुटतो, स्नायू आखडतो, पाय उडतो. त्याच वेळी मांडीच्या मागच्या स्नायूंना, एका मधल्या पेशीमार्फत, ‘तुम्ही स्वस्थ बसा’ असा निरोप जातो. नाही तर पुढच्यांनी ओढायचे आणि मागच्यांनी अडवायचे, असा प्रकार व्हायचा.

ठोका पडल्यापासून स्नायू आखडू लागेपर्यंत सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग लागतो. समजून उमजून हालचाल करायला माणसाला याच्या निदान सहासात पट वेळ लागतो. गावातला तंटा पाटलाने जागच्या जागी मिटवावा आणि तालुक्याला मागाहून नुसती खबर जावी, तसा हा कारभार. मेंदूला कळते, पण काम होऊन गेल्यावर.

१८७५ साली जर्मनीतील एर्ब आणि वेस्टफाल या दोन डॉक्टरांनी गुडघ्याच्या या उडीचे वर्णन एकाच वर्षी, पण स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. एर्ब म्हणाले, ही मज्जारज्जूतून होणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे. वेस्टफाल यांना वाटे, हा केवळ स्नायूचा स्वतःचा गुण. पुढे १९२४ साली इंग्लंडमध्ये लिडेल आणि शेरिंग्टन यांनी मांजरावरील प्रयोगांनी दाखवले, की स्नायू थोडासा ताणला की तो उलट जोराने आखडतो, आणि त्याची मज्जा तोडली की ही प्रतिक्रिया नाहीशी होते. शेरिंग्टन यांना १९३२ साली एड्रियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. या मार्गात एकच सांधा आहे हे लॉइड यांनी १९४३ साली सिद्ध केले.

पण निसर्गाने ही योजना हातोडीसाठी थोडीच केली आहे? आपण हातात रिकामी बादली धरून उभे असतो आणि कोणी तीत पाणी ओतते. हात खाली जाऊ लागतो, दंडाचा स्नायू ताणला जातो आणि तत्काळ जोर धरतो. बस एकदम हलली की पोटऱ्या सावरायला धावतात, त्यातही पहिली चाहूल या चात्यांचीच. मेंदूची दुरुस्ती पाठोपाठ येते. मेंदू या क्रियेवर लगामही ठेवतो. चालताना तो तिला सौम्य करतो, धावताना आणखी सौम्य करतो. नाही तर प्रत्येक पावलाला पाय ताठरले असते.

आता रोगाकडे वळू. बिघाड दोन परींनी होतो. वाटेतला एखादा दुवा तुटला, तर गुडघा उडतच नाही. पोलिओत स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशीच मरतात आणि पाय लुळा पडतो. जुन्या मधुमेहात लांब मज्जातंतू आधी झिजतात, म्हणून घोट्याची प्रतिक्रिया बहुधा प्रथम मंदावते. दुसरा प्रकार याच्या उलट. दुवे शाबूत, पण मेंदूचा लगाम सुटलेला. अर्धांगवायूत अंग प्रथम ढिले पडते. काही दिवसांनी वा आठवड्यांनी तेच ताठ होऊ लागते आणि गुडघा जरुरीपेक्षा जोराने उडतो.

आपल्या विदर्भाच्या पूर्व भागात लाखोळीची डाळ खातात. इतर पिके बुडाली तरी ही तग धरते, म्हणून दुष्काळात ती गरिबाचा आधार होते. पण महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली, तर तिच्यातील विषारी द्रव्यामुळे मेंदूकडून खाली येणारे तंतू निकामी होऊ शकतात. रोग्याची बुद्धी शाबूत, स्पर्शज्ञान शाबूत. पण पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात आणि तो चवड्यांवर, काठी टेकीत चालतो. हे पाय दुबळे असतात, पण लुळे नसतात. त्यांतील प्रतिक्रिया मोकाट सुटलेली असते. एकदा झालेली ही हानी भरून येत नाही.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. कित्येक धडधाकट माणसांचा गुडघा जेमतेम हलतो. म्हणून घरी टिचक्या मारून रोग ठरवू नये. डॉक्टर दोन्ही बाजूंची तुलना करतात आणि इतर लक्षणांशी मेळ घालतात.

या साऱ्या माहितीचा घरात एक उपयोग मात्र खास आहे. अर्धांगाच्या रोग्याचा आखडलेला हात नातेवाईक घाईने, हिसडून सरळ करायला जातात. हात अधिकच आखडतो आणि मग ‘हे मुद्दाम अंग ताठ करतात’ असा बोल त्या बिचाऱ्याला लागतो. रोगी हट्ट करीत नसतो. चात्यांना वेगाचे वावडे असते. ताण जितका झटक्याचा, तितके त्यांचे उत्तर जोरदार. तोच हात हळूहळू, शांतपणे उलगडला, तर पुष्कळदा उलगडतो. तेव्हा घाई करू नका आणि रोग्यावर रागावू नका. डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम रोज, सावकाश करून घ्या.