पहाटे उठावे, पण आधी वेळेवर निजावे

आम्ही शाळेत मास्तर होतो, तेव्हा मुलांना रोज सांगत असू, “मुलांनो, पहाटे उठा.” एक मुलगा मात्र वर्गात नेहमी पेंगायचा. एकदा आम्ही त्याला बाकावर उभे केले. पुढे त्याची आई भेटली. ती म्हणाली, “गुरुजी, तुमचं ऐकून पोरगं चारला उठतंय. पण गुरांचं बघून निजायला त्याला अकरा वाजत्यात.”

आम्हाला लाज वाटली. आम्ही उठायला शिकवले होते, निजायला शिकवलेच नव्हते.

हिशोब सोपा आहे. दिवसाचे तास २४. लवकर उठले म्हणून पंचविसावा तास मिळत नाही. मोठ्या माणसाला ७ ते ८ तास झोप लागते. मुलांना त्याहून जास्त लागते. रात्री ९ ला निजून पहाटे ४॥ ला उठलात, तर साडेसात तास झोप झाली. पण ११ ला निजून ४ ला उठलात, तर पाचच तास झाली. उरलेली झोप म्हणजे उधारी. शरीर ती वसूल करतेच. मग विळा बोटावर चालतो, फवारणीचे औषध मोजताना चूक होते.

तर मग पहाटे उठून फायदा काय? फायदा मोठा आहे. तो गारव्याचा आहे.

सोलापूरकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा उन्हात शरीराची बरीच ताकद अंग थंड ठेवण्यात जाते. घाम गळतो, काळीज जोरात धडधडते, हात मंद होतात. ऊन लागून माणूस दगावतोसुद्धा. तेच काम पहाटे केले, तर कमी दमाने जास्त उरकते.

काही कामे तर सकाळचीच असतात. तीळ, मूग, हरभरा यांची काढणी सकाळी करावी. तेव्हा बोंडे, शेंगा, घाटे दवाने नरम असतात. दाणे झडत नाहीत. पालेभाजी सकाळी काढली तर ताजी राहते. पिकाला सकाळी पाणी दिले तर वाफ होऊन कमी उडते.

पण सगळीच कामे पहाटे करू नयेत. दवात भिजलेला कापूस वेचला तर खराब होतो. दव वाळू द्यावे, मग वेचावा. मळणीला तर चांगले ऊनच लागते. म्हणून कोणत्या कामाला कोणती वेळ, हे आधी ठरवावे.

आता एक प्रश्न विचारतो. रागावू नका. तुमच्या घरात सर्वांत आधी कोण उठते? आणि सर्वांत शेवटी कोण निजते?

बहुतेक घरी दोन्ही वेळा उत्तर एकच येते. घरची बाई. आपण चारला उठून “चहा टाक” म्हणालो, तर आपला तास वाढला आणि तिची झोप तुटली. घराचा फायदा काय झाला? म्हणून उठणाऱ्याने चूल आपणच पेटवावी. पाणी भरावे, गोठा झाडावा. आम्ही स्वतः चहा करायला साठीत शिकलो. कठीण नाही.

सवय हळूहळू लावावी. आज निजण्याची वेळ पाव तास अलीकडे आणा. चार दिवसांनी आणखी पाव तास. विळा, खुरपे, दोरी रात्रीच काढून ठेवा. संध्याकाळनंतर चहा नको. मोबाइल उशापासून दूर ठेवा. रात्री वीज येते म्हणून पाणी धरायला जागलात, तर सकाळी खुशाल निजा. त्यात आळस नाही.

आता तुम्हाला लिहिता येते. तेव्हा एवढे करून पहा. एक कागद घ्या. घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहा. नावापुढे निजण्याची आणि उठण्याची वेळ लिहा. असे सात दिवस करा. मग सगळ्यांनी मिळून तो कागद वाचा. ज्याची झोप सर्वांत कमी भरेल, त्याचे एक काम दुसऱ्याने उचलावे.

मग पहाटेचा तास साऱ्या घराचा होईल.